वीस हजारांपर्यंत मोजताना

३ मार्च

प्रिय मुंगी,

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून आपण दोघी बसायचो, ते तुला आठवतं का? दोन्ही कडांना भोकं असलेला तो प्रिंटरचा लांबच लांब कागद टेबलावरून जमिनीवर ओघळलेला असायचा. तू वाचायचीस आणि मी ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरून एकेक ओळ खाली सरकायची. "कंस उघडा, आय बरोबर शून्य, अर्धविराम." शाळेत डिक्टेशनच्या सिस्टर सांगायच्या ना, मोठ्याने वाचा मुलींनो, चूक असली की ती स्वतःच खाकरते. नोकरीला लागल्यावरही आपण तेच करत राहिलो. त्या संध्याकाळी आतून आईने विचारलं, "झालं का गं पारायण? इकडे दूध उतू गेलं." तुला हसू फुटलं, माझी पट्टी घसरली, आणि नियमाप्रमाणे आपण पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. हसलं की पहिल्यापासून. एकशे चाळीस पानं होती.

एकोणतीस वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि सुरुवात दुधापासून करते आहे. तू म्हणशील, ताई अजून तशीच, मुद्द्यावर यायला तिला गावभर वळसा लागतो. तुझा पत्ता तुझ्या जुन्या मैत्रिणीने दिला. नक्की हवाय ना, असं तिने तीनदा विचारलं.

मुद्दा असा. मागच्या आठवड्यात जाळीवाल्याची मुलगी माझ्याकडे आली होती. हो, तीच. चौकशीच्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर बसून पाय हलवत होती ती, सहा वर्षांची. बाप जाळी साफ करताना कालव्यात बुडाल्यावर खात्याने आईला नोकरी दिली, मुलगी शिकली, आणि आता त्याच धरणावर इंजिनिअर आहे. उंच आहे, केस कापलेले, बोलताना समोरच्याकडे न बघता हाताकडे बघते.

कंट्रोल रूममधलं जुनं मशीन जळालं, आणि त्याच्याबरोबर पाण्याची पातळी वाचणारा आपला प्रोग्रॅमही गेला. तसंच एक मशीन स्टोअरमध्ये निघालं, पण त्यात घालायला प्रोग्रॅमच नाही. शिल्लक आहे ती एकच फ्लॉपी, चौकशीच्या फाइलला टाचलेली. तिच्यावर तुझं मुंगीच्या पायांसारखं अक्षर आहे. मूळ प्रोग्रॅम तेवढा आहे. तो पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत उतरवायचा, आणि ते त्या पोरीच्या पिढीतल्या कोणाला जमत नाही.

नवीन यंत्रणा मंजूर आहे, पण कागदावर. तोवर दर दोन तासांनी एक माणूस शिडीने कालव्यात उतरून खांबावरची खूण वाचतो. त्याच कालव्यात. ती म्हणाली, "मॅडम, पाणी चढायच्या आत हे चालू व्हायला हवं. पुन्हा कोणी खाली उतरायला नको." एवढंच म्हणाली. बापाचं नाव काढलं नाही.

मी हो म्हटलं. मला तुझी मदत हवी आहे. निळ्या खोक्यातला तो जुना कंपायलर तू जाताना ट्रंकेत घालून नेलास. अजून असेल तर पाठव. पांढऱ्या खोक्यातला, त्याच्यानंतर आलेला, माझ्याकडे आहे, पण त्याचा काही उपयोग नाही.

तुझी,
ताई

२१ मार्च

प्रिय मुंगी,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. तरी लिहिते, कारण रोज संध्याकाळी ती पोर येते आणि तिच्याबरोबर काम करताना प्रत्येक ओळीला तुझी आठवण होते.

आधी आम्ही आजचाच कंपायलर घेतला. फुकट मिळतो, सगळे तोच वापरतात. तुझा प्रोग्रॅम त्याच्यापुढे ठेवला तर त्र्याऐंशी चुका काढल्या. शाळेत नवीन हेडमिस्ट्रेस आल्या की जुन्या मुलींची रिबीनसुद्धा त्यांना चुकीची दिसते, तसं. आपल्या वेळी फंक्शनमध्ये काय काय येणार ते कंसाबाहेर लिहायचे, आता आत लिहितात. तू एका चलाला जे नाव दिलं होतंस ते नाव आता कंपायलरने स्वतःसाठी राखून ठेवलं आहे. ज्या फाइली आपण "असणारच" म्हणून धरायचो त्या आता नसतातच. एकेक करून आम्ही दुरुस्त करत गेलो. मी वाचायची, ती लॅपटॉपवर बोट सरकवायची. पहिल्या दिवशी तिला वाटलं मला डोळ्यांनी दिसत नाही म्हणून मी मोठ्याने वाचते. दुसऱ्या दिवशी एका ठिकाणी तीच म्हणाली, "थांबा मॅडम, इथे काहीतरी खाकरलं." मी पाणी प्यायला उठले.

त्र्याऐंशीच्या एकोणीस झाल्या, मग चार, मग शून्य. आणि नेमकं शेवटी घोडं पेंड खायला बसलं. पातळी मोजणारं जे कार्ड आहे, ते विकणाऱ्यांनी दिलेली ती बंद फाइल आठवते? तिचं मूळ लिखाण कोणाकडेच नाही, ते दुकान कधीच उठलं. सगळे तुकडे एकत्र बांधायची वेळ आली की आजची व्यवस्था ती फाइल ओळखतच नाही. हे काय आहे म्हणून विचारते. आम्ही रूपांतर करून पाहिलं, वरून वेष्टण घालून पाहिलं. नाकापेक्षा मोती जड होत चालला. जुन्या मशीनवर जुनाच कंपायलर हवा, ही गोष्ट मी तिला पहिल्या दिवशी सांगितली होती, पण तरुण माणसाला स्वतः भिंतीला धडकल्याशिवाय भिंत खरी वाटत नाही.

तिने कपाटावरचं पांढरं खोकं पाहिलं. विचारलं, हे काय? मी म्हटलं, त्यातली एक डिस्क खराब आहे.

तिने नोंदवहीबद्दलही विचारलं. तिला ऑफिसातल्या जुन्या शिपायाने सांगितलं होतं की त्या दोघी बहिणी प्रत्येक वेळी प्रोग्रॅम बनवला की वहीत लिहायच्या: तारीख, कोणी बनवला, कशाने बनवला, का. त्या वर्षाची वही सापडत नाही, असं मी तिला सांगितलं. तुलाही तेच सांगते.

ताई

८ एप्रिल

प्रिय मुंगी,

पार्सल मिळालं. खोक्याचा निळा रंग उडून राखाडी झाला आहे. आत पाच डिस्का, प्रत्येकीला कापडाचं पाकीट शिवलेलं. चिठ्ठी मी तीन वेळा उलटसुलट करून पाहिली, मागे काही आहे का म्हणून. "तिसरी डिस्क हळू वाचते. घाई करू नकोस." एवढंच. पण अक्षर तेच आहे, आणि माझं पोट भरलं.

तिसरी डिस्क खरंच हळू वाचते. चाळीस मिनिटं कुरकुरत होती. आम्ही दोघी खोलीत हळू चालत होतो, जणू कोणी आजारी झोपलं आहे.

मग तुझा प्रोग्रॅम, फ्लॉपीवर होता तसाच, एकही अक्षर न बदलता, पहिल्या फटक्यात तयार झाला.

तपासायला तिने स्टोअरमधलं मशीन माझ्याच घरी आणलं होतं. न्हाणीघरात दोन बादल्या ठेवल्या, दोन्हींत पातळीचा एकेक दांडा सोडला. पहिली काठोकाठ भरलेली, दुसरी रिकामी. पडद्यावर बरोबर तसंच आलं. तिने पहिलीतलं पाणी दुसरीत ओतलं, पडद्यावर आकडे बदलले. ती पुन्हापुन्हा ओतत होती, लहान मुलीसारखी, बाह्या ओल्या झाल्या तरी.

मी चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा ती मशीनसमोर बसली होती आणि पांढरं खोकं तिच्या मांडीवर होतं. म्हणाली, खराब डिस्क कुठली ते पाहत होते, सगळ्या चांगल्या आहेत. तिने पांढऱ्याने तोच प्रोग्रॅम बनवला होता. तीच फ्लॉपी, त्याच ओळी. आणि आता दुसऱ्या बादलीची पातळी विचारली तर मशीन पहिल्या बादलीची सांगत होतं. दुसरी भरली, पहिली रिकामी केली. पडद्यावर दुसरी कोरडी ठणठणीत.

ती हुशार आहे, मुंगी. तासाभरात तिने शोधून काढलं. कार्डाला प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला क्षणभर वेळ लागतो. तेवढं थांबलं नाही तर आधीच्या प्रश्नाचंच उत्तर हातात पडतं. म्हणून तू मध्ये एक रिकामी फेरी लिहिली होतीस: एकपासून वीस हजारांपर्यंत मोज, आणि दुसरं काही करू नकोस. निळा कंपायलर मुकाट्याने मोजतो. पांढरा शहाणा आहे. त्यात वेग वाढवायची सोय आहे, पोरीने ती चालू केली होती; ती चालू असली की तो प्रोग्रॅम तपासतो, ही फेरी काहीच करत नाही असं ठरवतो, आणि काढून टाकतो. कागदावर ओळ असते. मशीनमध्ये नसते.

चौकशी समितीने काय लिहिलं होतं ते तिला तोंडपाठ आहे. "थांबण्याचा अवधी अपुरा, प्रोग्रॅम लिहिणारीचा निष्काळजीपणा." त्या दिवशी वरून पाणी येत असतानाही पडद्यावर कालवा कोरडा दिसत होता, म्हणून तिच्या बापाला जाळी साफ करायला खाली उतरू दिलं होतं.

ती मांडीवरच्या खोक्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे मॅडम, त्यांनी थांबायचं लिहिलं होतं. आणि ते पुरेसं होतं."

मग तिने विचारलं, त्या वर्षी खरा प्रोग्रॅम कोणत्या खोक्याने बनवला होता? मी म्हटलं, वही शोधते.

ताई

९ एप्रिल

मुंगी,

वही हरवलेली नाही. माझ्या लोखंडी कपाटात, लग्नाच्या साड्यांच्या खाली आहे. एकोणतीस वर्षं तिथेच आहे. तीन घरं बदलली, प्रत्येक वेळी ती मी स्वतःच्या हातांनी हलवली.

पान सत्तेचाळीस. तारीख अपघाताच्या नऊ दिवस आधीची. माझं अक्षर, सिस्टरांनी कौतुक केलेलं, उजवीकडे झुकणारं. "पांढऱ्या कंपायलरने बनवला. वेगाचा पर्याय चालू. कारण: पडदा हळू हलतो अशी साहेबांची तक्रार." खाली माझी सही. तुझ्या सहीची जागा कोरी.

तू त्या आठवड्यात तापाने पडली होतीस. प्रोग्रॅमची एकही ओळ बदलली नव्हती, मग तुला उठवून वाचायचं तरी काय, असं मला वाटलं. आपण दोघींनी आयुष्यभर कागद वाचला. कागद बरोबर असला की सगळं बरोबर, असंच आपल्याला शिकवलं होतं. कागद आणि मशीन यांच्या मध्ये जो बसतो त्याला आपण कधी मोठ्याने वाचलं नाही. ही चूक माझी, पण त्या चुकीबद्दल मी तुझी क्षमा मागत नाही. ती कोणाच्याही हातून झाली असती.

क्षमा पुढच्याची मागायची आहे.

चौकशीत तू म्हणालीस की वीस हजार पुरेसे आहेत, मी घड्याळ लावून मोजले आहेत. समितीतले एक जण हसले. मला विचारलं, हा आकडा कोणी ठरवला? मी म्हटलं, माझ्या बहिणीने. विचारलं, नंतर प्रोग्रॅममध्ये काही बदल केला होता का? मी म्हटलं, एकही ओळ नाही. मी एकही खोटं वाक्य बोलले नाही, मुंगी. खोटं न बोलता माणूस किती खोटं वागू शकतो, ते मला त्या खुर्चीत कळलं.

तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं, नुसती शंका होती. आठ दिवसांनी, तू राजीनामा दिलास त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी दोन्ही खोक्यांनी प्रोग्रॅम बनवून पाहिला. काल त्या पोरीने न्हाणीघरात जे पाहिलं ते मी तेव्हाच पाहिलं होतं. निळं खोकं तुझ्या टेबलावर परत ठेवलं, घड्याळ बघून थांबेल अशा ओळी गुपचूप लिहिल्या, आणि वही घरी आणली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की आईच्या औषधांसाठी दोघींपैकी एकीची नोकरी राहायलाच हवी होती. ते खरं आहे, पण कारण ते नाही. सहा महिन्यांनी कंट्रोल रूमच्या दारावर माझ्या नावाची पितळी पाटी लागली. प्रमुख. कारण ती पाटी आहे. लावायच्या आधीही ती मला दिसत होती.

आणखी एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करता येणार नाही. शेवटच्या दिवसांत आई फारसं बोलत नव्हती. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिने विचारलं, "मुंगीचं मोजायला चुकलं का गं? ती तर लहानपणी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा दोनदा मोजायची." मी म्हटलं, हो आई, चुकलं. तिने मान हलवली आणि डोळे मिटले. फणी माझ्या हातात होती.

पांढऱ्या खोक्याने आणि दोन ओळी बदलून काम कधीच झालं असतं. निळं खोकं लागतच नव्हतं. तुझ्याकडून काहीतरी या घरात यावं, म्हणून मागितलं.

ताई

२ मे

प्रिय मुंगी,

तिला सांगितलं. वही उघडून तिच्यासमोर ठेवली आणि पान सत्तेचाळीस मोठ्याने वाचलं. तिने एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं?"

"आठ दिवसांनी."

तिने वहीचे फोटो काढले, पिशवी उचलली आणि गेली. चहा तसाच राहिला. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, कारण काम राहिलं होतं. मला मॅडम म्हणाली नाही. आम्ही शेवटची पानं वाचून काढली, मी वाचली, तिने ओळ धरली. तुझ्या फेरीपाशी पोचलो तेव्हा तिने मोजणाऱ्या चलाच्या आधी एक शब्द घातला. याला हात लावू नकोस, असं कंपायलरला बजावणारा शब्द आहे तो. आता कितीही शहाणा कंपायलर आला तरी त्याला मोजावंच लागेल. वीस हजार मात्र तिने तसेच ठेवले. मी विचारलं, वाढवायचे का? म्हणाली, "कशाला? त्यांनी घड्याळ लावून मोजले होते."

प्रोग्रॅम धरणावर अकरा दिवस चालू आहे. शिडी काढून भिंतीला आडवी टांगली आहे. हे तिने फोन करून कळवलं, कामापुरतं.

मी खात्याला लेखी निवेदन दिलं आहे. घेणाऱ्या कारकुनाने वाचून मान वर केली आणि म्हणाला, बाई, आता कोण विचारतंय, उगाच झाकलेलं कशाला उघडता? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हटलं, उशीर मात्र होतो. शिक्का मारून घेतला. त्यांना चौकशी पुन्हा उघडावी लागेल. माझं निवृत्तीचं मानपत्र परत मागतील, असं तो म्हणाला. ते मी सोबतच नेलं होतं.

मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. हृदयातली एक झडप नीट मिटत नाही, पाणी उलट येतं, असं डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मी म्हटलं, डॉक्टर, हे खातं माझ्या ओळखीचं आहे. त्यांना विनोद कळला नाही. तू घाबरू नकोस, आणि मी आजारी आहे म्हणून माफही करू नकोस. मला ते असं नको आहे.

काय कोणाला द्यायचं, ते लिहून ठेवते. शेजारच्या वकीलबाईंकडे याचीच प्रत आहे.

नोंदवही खात्याकडे जाईल, मूळ प्रत, पावती घेऊन. पान सत्तेचाळीसच्या दोन नकला काढल्या आहेत. एक जाळीवाल्याच्या बायकोला. ती अजून आहे, मुलीकडे राहते, तिला वाचता येत नाही. मुलीने तिला वाचून दाखवावी आणि दाखवायची नसेल तर तो तिचा अधिकार. दुसरी तुला, या पाकिटात आहे. तुझ्या सहीची जागा कोरीच ठेवली आहे. ती भर असं मी म्हणत नाही.

पांढरं खोकं वहीबरोबर जाऊ दे, पुरावा म्हणून. निळं खोकं मी त्या मुलीला वापरायला दिलं आहे, पण ते तुझं आहे. तिने ठेवावं की परत पाठवावं, ते तू तिला कळव. पत्ता मागे लिहिला आहे. तिला तुझ्याशी बोलायचं आहे, पण स्वतःहून लिहिणार नाही. कापडाची पाकिटं मी धुतली नाहीत, त्यांना तुझ्या ट्रंकेचा वास आहे.

पितळी पाटी मी निवृत्त झाल्यावरही दारावरच होती, ती परवा जाऊन काढून आणली. शिपायाने स्क्रू ड्रायव्हर दिला. ती मोडीत द्यायची. चार स्क्रूंची भोकं दाराला राहिली आहेत, ती बुजवून घ्यायला सांगितलं आहे.

आईची फणी तुला.

आणि फूटपट्टी तुला. पार्सल वेगळं येईल. बारा इंचांपैकी पहिला इंच झिजला आहे, तो तुझ्या दातांनी. माझं निवेदन, सहा पानांचं, तिच्यासोबत ठेवलं आहे. ते मोठ्याने वाच, पट्टी ओळीखाली धरून. कुठे काही खाकरलं तर तिथे खूण कर आणि मला कळव. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहीन.

तुझी,
ताई